विषय: नवीन टीव्ही, ५५ इंची ओलेड की ६५ इंची साधा?

नमस्कार मंडळी,
आमचा ४० इंची टीव्ही आता पार थकलाय, नवीन घ्यायचाय. बजेट ठरलेलं आहे, त्यात एकतर ५५ इंची ओलेड बसतो नाहीतर ६५ इंची साधा एलईडी, आणि यावरून घरात दोन तट पडलेत. सोफ्यावरून स्क्रीन साडेआठ फुटांवर येईल. दिवसा बातम्या, मालिका, वीकेंडला मॅच, रात्री कधीतरी सिनेमा. कोणी अलीकडे घेतला असेल तर सांगा प्लीज.

---

रि: नवीन टीव्ही

ताई, आधी साइज नक्की करा, बाकी सगळं नंतर. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके, त्यामुळे ५५ आणि ६५ मध्ये दहाच इंचांचा फरक वाटतो पण स्क्रीनचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. साधा हिशोब असा की स्क्रीनच्या तिरक्या मापाच्या सव्वा ते दीड-पावणेदोन पट अंतरावर बसावं, म्हणजे ६५ ला साधारण साडेसहा ते नऊ फूट. तुमच्या साडेआठ फुटांवर ६५ अगदी बरोबर बसतो. ५५ लहान पडेल असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून लहान स्क्रीनवर ४के चा (म्हणजे खूप जास्त पिक्सेलच्या चित्राचा) बारकावा डोळ्याला फारसा कळतही नाही.

विश्वास बसत नसेल तर भिंतीवर कागदी टेप लावून १४४ बाय ८१ सेंटीमीटरचा चौकोन करा आणि दोन दिवस तसाच ठेवा, लगेच अंदाज येतो. टेबलही मोजून घ्या, कारण बऱ्याच मोठ्या टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात आणि टेबल रुंदीला कमी पडतं.

---

रि: रि: नवीन टीव्ही

साइजचं पटलं, पण साध्या एलईडीत रात्रीचा सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा आहे हो. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की त्यांच्याभोवती राखाडी उजेड पसरतो आणि काळोखाचा सीन धुरकट दिसतो. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि विझतो, त्यामुळे काळा तो काळाच. एकदा बघितलं की मागे फिरवत नाही.

---

रि: रि: रि: नवीन टीव्ही

दोघांनाही थँक्यू! टेप लावली, ६५ चा चौकोन बघून विरोधी पक्षही गप्प झाला. पण सोफ्याच्या मागेच मोठी खिडकी आहे, दुपारी ऊन थेट त्या भिंतीवर येतं, हे आधी लिहायचं राहिलं. आणि क्यूएलईडी म्हणजे ओलेडच ना?

---

रि: रि: रि: रि: नवीन टीव्ही

नाही हो ताई, नावं सारखी असली तरी क्यूएलईडी हा साध्या एलईडीसारखा एलसीडीच, म्हणजे मागून दिवा असलेला, फक्त रंग जास्त चांगले.

खिडकी आहे म्हटल्यावर मी मिनी-एलईडी बघेन. त्यात मागचे दिवे बारीक आणि झोनमध्ये विभागलेले असतात, जिथे काळोख हवा तिथले मंद होतात, त्यामुळे तो सबटायटल्सभोवतीचा उजेड बराच कमी होतो, आणि उन्हातही चित्र टिकतं. ओलेडची बरोबरी नाही पण तुमच्या खोलीला हाच योग्य. बजेटात बसवायला यंदाच्या खालच्या मॉडेलपेक्षा गेल्या वर्षीचं वरचं मॉडेल शोधा, नवीन सिरीज आली की जुन्याचा भाव उतरतो आणि पॅनल काही वर्षभरात म्हातारं होत नाही. बॉक्सवर नुसतं एचडीआर (उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारं चित्र) लिहिलंय म्हणून भुलू नका, ब्राइटनेस कमी असेल तर त्याचा काही उपयोग नाही, लोकल डिमिंग, म्हणजे वर सांगितलेलं झोननुसार दिवे मंद होणं, आहे का ते विचारा. मॅचसाठी पॅनल खरंच १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) आहे का तेही बघा, मोशन रेट वगैरे आकडे जाहिरातीचे असतात.

दुकानात सगळे टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात, रिमोट मागून सिनेमा मोड लावून बघा. आणि थोडे पैसे साउंडबारला बाजूला ठेवा, इतक्या पातळ टीव्हीचे स्पीकर संवादाला फार कमी पडतात. मॉडेल नंबर मिळाले की इथे टाका, मी स्पेसिफिकेशन्स बघून सांगतो.