साडेतीन वर्षं सपोर्टमध्ये गेली. राजीनामा देऊन अभ्यास करावा की आधी नोकरी शोधावी?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा. एमसीए केलं आणि गेली साडेतीन वर्षं पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत आहे, वाकडला तिघं मिळून राहतो. घेतलं होतं जावा डेव्हलपर म्हणून, पण पहिल्याच आठवड्यात सपोर्टला टाकलं ते आजतागायत. पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर आहे, जावा ८ आणि ओरॅकल डेटाबेस. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी आता कंपनीत कोणीही नाही.

काम कसं चालतं ते एका उदाहरणावरून सांगतो. रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) एक जॉब चालतो आणि थकीत कर्जाच्या नोटिसांची फाइल बनवतो. सकाळी बघावं तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एसओपीत (कामाच्या लेखी सूचनांत) लिहिलंय, 'जॉब हाताने पुन्हा चालवावा'. हाताने चालवला की नावं अगदी बरोबर येतात. त्यामुळे आमच्यापैकी एक जण पाळीपाळीने रोज सकाळी सहाला लॉगिन करून तो जॉब चालवतो. असं का होतं हे मी दोनदा विचारलं. लीड म्हणाले, चालतंय ना, मग हात लावू नकोस.

मध्यंतरी दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे विचारलं, या प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलंत? मला सांगता येईना. घरी आल्यावर फार वाईट वाटलं.

आता प्रश्न. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. राजीनामा देऊन तीन महिने पूर्णवेळ अभ्यास करावा का? सहा महिन्यांचा एखादा कोर्स लावावा का? की आहे तिथेच दुसरा प्रोजेक्ट मागावा? घरी बहिणीचं लग्न ठरतंय, त्यामुळे पगार थांबून चालणार नाही. ज्यांनी सपोर्टमधून डेव्हलपमेंटला उडी मारली आहे त्यांनी कृपया सांगा.

चिंचेचं झाड

ऑफर हातात नसताना राजीनामा देऊ नका. ९० दिवस भुर्रकन जातात आणि शेवटच्या महिन्यात मिळेल ती ऑफर घ्यावी लागते. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं.

नोटीस मोठी असली तरी लपवू नका. एचआरच्या पहिल्याच फोनवर सांगून टाका आणि त्याच फोनवर विचारा की उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सोडवून घेण्याची त्यांची तयारी आहे का. हो म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर लिहून घ्या. रिलीव्हिंग लेटर मिळाल्याशिवाय जुन्या जागेचा विषय संपला असं समजू नका.

आणि लग्नाच्या खर्चासाठी नोकरी बदलताना पीएफ काढायचा मोह होईल, तो टाळा. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर करता येतो. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. ट्रान्सफर केला तर मागची साडेतीन वर्षं त्या पाचांत धरली जातात.

दगडी पाटी

करिअरबद्दल शेवटी लिहितो. आधी त्या जॉबकडे बघू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

मराठी अक्षरं तीन तऱ्हेने बिघडतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर शाबूत आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं एकामागून एक आली तर बाइट बरोबर आहेत, ते उघडणाऱ्याने चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीने) वाचले. आणि प्रश्नचिन्हं आली तर मजकूर लिहितानाच हरवला आहे. फाइलमध्ये आता काहीच उरलेलं नाही, फॉन्ट बदलून उपयोग नाही.

तुमच्या फाइलमधलं एखादं नाव घ्या आणि प्रश्नचिन्हं मोजा. 'पाटील' म्हणजे प, काना, ट, वेलांटी, ल. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीच्या) हिशेबाने पाच खुणा, यूटीएफ-८ या त्याच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे १५ बाइट. पाच प्रश्नचिन्हं दिसली तर जावाने अख्खी खूण उचलली, ती कुठल्यातरी तोकड्या एन्कोडिंगमध्ये बसवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही म्हणून प्रश्नचिन्ह ठेवलं. मला खात्री आहे, पाचच निघतील.

हाताने चालवल्यावर बरोबर का येतं? तुम्ही सर्व्हरवर लॉगिन करता तेव्हा तुमच्या शेलला लँग हे व्हेरिएबल (भाषा आणि एन्कोडिंग सांगणारी सेटिंग) मिळतं आणि त्यात यूटीएफ-८ लिहिलेलं असतं. क्रॉन तुमची लॉगिनची प्रोफाइल वाचत नाही, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा लँग रिकामं असतं. लिनक्सवर जावा ८ सुरू होताना लोकेल, म्हणजे हीच भाषेची सेटिंग, बघून स्वतःचं डीफॉल्ट एन्कोडिंग ठरवतं. काहीच सापडलं नाही की साधं आस्की धरतं, ज्यात फक्त इंग्रजी अक्षरं बसतात. आस्कीत 'पाटील' लिहिणार कसं?

माझ्यावर विसंबू नका, तपासून बघा. यूएटीवर (चाचणीच्या सर्व्हरवर) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकात, एक ओळ टाका, जी एन्व्ह कमांडचं (ही सगळी व्हेरिएबल दाखवते) आउटपुट एका फाइलमध्ये लिहील. तीच कमांड हाताने चालवून दुसरी फाइल करा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

उपाय दोन आहेत. क्रॉनमध्ये लँग सेट करणं किंवा जावाच्या कमांडला फाइल एन्कोडिंगचा पर्याय देणं हे आजच्या आज होईल, पण उद्या कोणी सर्व्हर बदलला की पुन्हा तेच. खरा दोष कोडमध्ये आहे. कुठेतरी फाइलरायटर (फाइलमध्ये मजकूर लिहिणारा जावाचा क्लास) वापरून थेट लिहिलेलं असणार. जावा ८ च्या फाइलरायटरला एन्कोडिंग सांगायची सोयच नव्हती, ती जावा ११ मध्ये आली. त्याऐवजी आउटपुटस्ट्रीमरायटर घ्या आणि यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. कोडमध्ये एका ओळीचा बदल.

जावा १७ वर गेलो की आपोआप सुटेल असं कोणी म्हणालं तर नाही सुटणार. यूटीएफ-८ हे सगळीकडे डीफॉल्ट झालं ते जावा १८ पासून, मार्च २०२२ मध्ये.

आता करिअर. हे शोधून, सिद्ध करून, दुरुस्त करून पुन्हा मुलाखतीला जा. मग 'तुम्ही स्वतः काय केलंत' याचं उत्तर तुमच्याकडे असेल. कोर्समध्ये असा प्रश्न तुमच्या वाट्याला येणार नाही, तिथले सगळे प्रश्न आधीच सुटलेले असतात.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादातली तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण मला एक काळजी वाटते. मी अशाच कामात सहा वर्षं काढली. दर वेळी काहीतरी अवघड सुटायचं, कौतुक व्हायचं, आणि त्या आनंदात आणखी एक वर्ष जायचं. अप्रेझलमध्ये मात्र सपोर्ट म्हणूनच मोजलं गेलं. बाहेर पडले तेव्हा माझ्याबरोबरच्या मुली कितीतरी पुढे गेल्या होत्या.

म्हणून तारीख ठरवा. मॅनेजरना ईमेलवर लिहून प्रोजेक्ट बदलून मागा, तोंडी नको. तीन महिन्यांत हललं नाही तर बाहेर अर्ज सुरू करा. सकाळी सहाची पाळी कायमची झाली की अभ्यासाला डोकंच शिल्लक राहत नाही, हे मी अनुभवलंय. तब्येत सांभाळा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दगडी पाटी, पाचच निघाली! 'कुलकर्णी'ची आठ. काल रात्री यूएटीवर दोन्ही फाइली काढल्या. माझ्या लॉगिनमध्ये लँग आहे, क्रॉनमध्ये ती ओळच नाही. कोड शोधला तर फाइलरायटर तीन ठिकाणी सापडला.

साडेतीन वर्षं मी हा जॉब चालवतोय आणि त्याचा कोड काल पहिल्यांदा उघडला. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

रात्रपाळी ताई, तुमचंही पटलं. मॅनेजरना आजच ईमेल लिहितोय. पण लीड 'हात लावू नकोस' म्हणाले आहेत, मग हा बदल पुढे कसा न्यावा?

दगडी पाटी

त्यांना डावलून अजिबात करू नका. हात लावायला भिणारा माणूस बहुतेक एकदा पोळलेला असतो. तिन्ही ठिकाणचा बदल, आधीची आणि नंतरची फाइल, आणि परत जुन्यावर कसं यायचं हे एका पानात लिहा. पान त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, तुम्ही तपासून द्या. त्या फाइली पुढे प्रिंटिंगवाल्यांकडे जात असतील तर त्यांचं सॉफ्टवेअर यूटीएफ-८ वाचतं ना, एवढं आधी विचारून घ्या.

अन्नपूर्णा

मी पतसंस्थेच्या बाजूने काम केलंय म्हणून विचारते. तुमच्याकडे लांब नावांची नोंद अडते का? ओरॅकलमध्ये नावाचा कॉलम ३० चा ठेवला आणि काही सांगितलं नाही तर ते ३० बाइट धरले जातात, अक्षरं नाही. 'ज्ञानेश्वर' मोजून ३० बाइटचा आहे, काठोकाठ बसतो. 'अन्नपूर्णाबाई' ३९ चं, ते बसत नाही आणि १२८९९ क्रमांकाची एरर येते. मग काउंटरवरच्या मुली नाव तोडून टाकतात. माझ्या आजीच्या पासबुकावर तिचं नाव आयुष्यभर अर्धंच राहिलं. कॉलम ३० कॅर (कॅरेक्टर, म्हणजे बाइट नाही, खुणा) असा जाहीर केला की प्रश्न मिटतो.

कोयनाकाठ

अन्नपूर्णा ताई, ही एरर असलेली तिकिटं (तक्रारी) आमच्याकडे दर महिन्याला येतात. एसओपी म्हणते, 'शाखेला नाव लहान करण्यास सांगावे'. आम्ही सांगत आलो. आता ते पाठवताना त्या माणसांचा विचार येईल.

उंबरठा

आणखी एक, तुम्ही कराडचे म्हणून. 'कऱ्हाड' दोन तऱ्हेने टाइप होतं. एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशी आडनावं शोधून सापडत नसतील तर हे बघा. जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी सोय) हे दोन एक करत नाही, तो बदल स्वतः लिहावा लागतो.

शाईपेन

मी गेली काही वर्षं मुलाखती घेते. डीएसएचा (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमचा) सराव रोज तासभर करा, पहिली फेरी बऱ्याच ठिकाणी त्याचीच असते. स्प्रिंग बूट (जावाची फ्रेमवर्क) शिका. पण तिसऱ्या आवृत्तीला जावा १७ लागतं आणि कोडमधली जावाएक्सने सुरू होणारी बरीच पॅकेजची नावं जकार्ता झाली आहेत, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका.

रेझ्युमेत 'प्रॉडक्शन सपोर्ट केला' ही ओळ काढा. त्याजागी लिहा की रोज हाताने करावं लागणारं एक काम कारण शोधून कायमचं बंद केलं. मी त्यावर अर्धा तास विचारेन. क्रॉनमध्ये व्हेरिएबल का नव्हतं, कसं सिद्ध केलं, लीडना कसं पटवलं. उत्तरं तुमची स्वतःची असतील तर लगेच कळतं. फक्त क्लायंटचं नाव, स्क्रीनशॉट किंवा कोड कुठेही टाकू नका.

कोयनाकाठ

लीडनी पान वाचलं. पूर्वी एकदा अशाच एका बदलाने व्याजाची फाइल बिघडली होती आणि त्यांना रात्रभर बसावं लागलं होतं, म्हणून ते नाही म्हणत होते. त्यांनी स्वतः आणखी एक चौथी जागा दाखवली, ती माझ्या नजरेतून सुटली होती. प्रिंटिंगवाल्यांनी नमुना फाइल बरोबर उघडली. बदल पुढच्या गुरुवारच्या रिलीजमध्ये जातोय.

प्रोजेक्ट बदलण्याच्या ईमेलला अजून उत्तर नाही. तारीख तीन महिन्यांची धरली आहे. राजीनामा देत नाही, कोर्सही लावत नाही. नावाच्या कॉलमचं दुसरं पान लिहायला घेतलंय. कॉलम वाढवला तर कुठले रिपोर्ट मोडतील ते शोधतोय, आतापर्यंत अकरा सापडले. कोणी असा कॉलम चालू डेटाबेसवर बदलला असेल तर काय काय तपासलंत ते सांगाल का?