टॉप-रोप सोलोसाठी दुसरं उपकरण कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी धुळ्याचा. चढाईचा जोडीदार नोकरीपायी पुण्याला गेला आणि आता शनिवारी सकाळी दोर धरायला माणूस मिळत नाही. ज्याला विचारावं तो लग्नात, नाहीतर कापूस वेचणीत. म्हणून वरून दोर बांधून एकट्यानेच चढावं म्हणतो. लीड सोलो (खालून स्वतःच दोर नेत एकट्याने चढणं) नाही, ते डोक्यातही नाही.

जागा साक्रीच्या बाजूची. तिकडे माळावर डोलेराइटच्या भिंतींसारख्या लांब रांगा दिसतात ना, डाइक, त्यांतली एक. जमीन ओळखीच्या शेतकऱ्याची आहे, त्याला विचारलेलं आहे. उंची साधारण २० मीटर, मागच्या अंगाने चालत माथ्यावर जाता येतं. कातळ घट्ट आहे, पण आडव्या भेगा भरपूर आणि माथ्याची कड चांगलीच धारदार. वर एक जुनं अंजनाचं झाड आहे आणि त्याच्या मागे खोलीएवढा धोंडा.

जवळ आहे ते असं: पेट्झलची एक मायक्रो ट्रॅक्शन (दोर एकाच दिशेने सरकू देणारी दातेरी कप्पी), एक ग्रिग्री (झटका बसला की दोर अडवणारं, उतरायलाही चालणारं उपकरण), १०.५ मिमीचा सेमी-स्टॅटिक (कमी ताणणारा) दोर, एक डायनॅमिक (जास्त ताणणारा) दोर, हार्नेस, स्लिंगा (पट्ट्यांचे फासे), प्रुसिकसाठी (दोरावर पकड घेणाऱ्या गाठीसाठी) ६ मिमीची दोरी. एकाच उपकरणावर विसंबायचं नाही एवढं कळतं. पण दुसरं कोणतं? आणखी एक मायक्रो ट्रॅक्शनच घेऊ का? की ग्रिग्री बॅकअप म्हणून चालेल? छातीचा हार्नेस लागतोच का? एक दोर की दोन?

"एकटा जाऊच नको" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार. घरी रोज तेच ऐकतो.

कातळकिडा (नाशिक):
ग्रिग्री बॅकअपमधून काढून टाक. चढताना दोर तिच्यातून आपोआप सरकत नाही, दर दोन पावलांनी हाताने ओढावा लागतो. अवघड जागी हात मोकळा नसतो, तिथे नेमका ढिला दोर साठतो. उतरायला मात्र ती लागेलच, हार्नेसला अडकवून ठेव.

दोन मायक्रो ट्रॅक्शन लावून चढणारे पुष्कळ आहेत, पण मला ती जोडी पटत नाही. दोन्हींचा बिघाड एकाच जातीचा. दातांत माती बसली की कॅम (दोर दाबून धरणारा दातेरी भाग) नीट मिटत नाही, आणि आपल्याकडची धूळ तुला माहीत आहेच. शिवाय कॅम उघडा अडकवून ठेवायची सोय आहे त्यात. कातळाला घासून किंवा स्लिंग अडकून ती चुकून लागली तर उपकरण नुसती कप्पी होऊन बसतं. म्हणून दुसरं वेगळ्या रचनेचं असावं. ताझ लव्हसारखं बिनदाताचं मिळालं तर उत्तम, त्यावरून उतरताही येतं. भारतात सहज मिळत नाही, बाहेरून मागवावं लागेल. घेण्याआधी तुझा १०.५चा दोर त्यात बसतो का ते बघ.

दाताच्या उपकरणांवर ढिल्या दोराने पडायचं नाही, हे तर पक्कंच. ४ ते ६ किलोन्यूटनच्या झटक्याला दात दोराचं कवच फाडतात.

दीपनगरवाला (भुसावळ):
मी उंचावरच्या दोरकामात आहे. आमच्याकडे नियम सरळ आहे: एक कामाचा दोर, एक सुरक्षेचा, दोघांचे अँकर (दोर वर बांधायचे आधार) वेगळे. तुम्ही सगळे उपकरणावर बोलताय, पण भो, तुझी खरी भानगड ती धारदार कड आहे. दोन उपकरणं एकाच दोरावर आणि दोर कडेवर कापला, तर बॅकअप कसला?

माझं ऐकशील तर वरून दोन दोर खाली सोड. सेमी-स्टॅटिकवर चढ. दुसऱ्या (डायनॅमिक) दोरावर आधीच दोन-दोन मीटरवर बटरफ्लाय गाठी (दोराच्या मध्येच फासा देणाऱ्या) मारून ठेव आणि चढताना लॉकिंग कॅराबिनरने (कुलूपबंद होणाऱ्या कडीने) फाश्यात अडकत जा. वरचा अडकवल्याशिवाय खालचा सोडायचा नाही. कंटाळवाणं आहे, पण त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

डायनॅमिक दोर मुख्य ठेवू नको. नुसत्या वजनाने तो आठ-नऊ टक्के ताणला जातो. २० मीटरवर ते दीड मीटरच्या वर जातं, म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन हालचालींत सुटलास तर टेकलासच. सुरक्षेच्या दोरालाही हेच लागू, तळाशी त्याचा भरवसा धरू नको.

झाड आणि धोंडा दोन्ही वापर, पण अंजनाच्या बुंध्यावर कुदळीची टोच मारून बघ, आतून पोकळ निघतं कधी कधी. आणि अँकर इतका लांबव की गाठ कडेच्या खाली लोंबेल. कडेवर जाड कॅनव्हासचं प्रोटेक्टर, तेही बांधून. नुसतं ठेवलं तर पहिल्याच हिसक्याला सरकतं. दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच.

मूळ धागाकर्ता:
दीपनगरवाले दादा, कडेचं मनावर घेतलं, दोन दोर ठरले. पण मुख्य दोरावर दोन उपकरणं ठेवायचीच आहेत. ती एकमेकांना ठोकतात असं वाचलंय, ते कसं टाळायचं? आणि अर्ध्यात उतरावं लागलं तर?

पाटणादेवीची (चाळीसगाव):
ठोकतात, खरं आहे. खालचं उपकरण वरच्याला ढकलत राहिलं तर वरचं पकडतच नाही. खालचं थेट बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मुख्य फाशाला), वरचं छोट्या स्लिंगने त्याच लूपला, मध्ये वीत-दीड वीत अंतर. वरचं उभं राहायला छातीचा हार्नेस बरा, पण मी सायकलची जुनी ट्यूब गळ्यात घालते. ट्यूबने फक्त उचलून धरायचं, भार हार्नेसवरच यायला हवा. कॅराबिनर आडवा फिरणार नाही असा घे, गेटवर वजन आलं की त्याची ताकद एकदम उतरते.

दोराच्या खालच्या टोकाला दोन-तीन लिटर पाण्याची पिशवी, जमिनीपासून हातभर वर. तेवढ्याने उपकरणं आपोआप सरकतात. मग पायाखाली जमीन असतानाच खालचं उपकरण मुद्दाम उघडून वरच्यावर बस. पकडलं तरच पुढे. हे दर वेळी.

उतरण्याचं: वरच्या उपकरणात दोरीचा पायफास अडकव, खालच्याच्या खाली ग्रिग्री लाव, फाशावर उभा राहून खालचं काढ, ग्रिग्रीवर बस, मग वरचं काढ. सुरक्षेचा दोर तोवर अडकलेलाच. हे जमिनीपासून मीटरभर उंचीवर डोळे मिटून जमेपर्यंत कर, कारण हार्नेसमध्ये निपचित लटकून राहणं पंधरा-वीस मिनिटांतही अंगावर येऊ शकतं.

आणि आग्या मोहोळ! माथ्यावरून आणि खालून दुर्बिणीने पूर्ण भिंत बघून घे. दोन लोक असले तर एक जण दुसऱ्याला भरकन खाली सोडू शकतो. दोराला दोन ठिकाणी अडकलेला एकटा माणूस माश्यांपासून पळू शकत नाही. एक पोळं दिसलं तरी त्या दिवशी चढाई रद्द.

दीपनगरवाला:
ताई बरोबर बोलल्या. ज्याची जमीन आहे त्या भाऊला चढायची आणि खाली उतरायची वेळ सांगून ठेव, तिथे रेंज येते का तेही बघ. मार्चनंतर नऊच्या आत उतरायचं, कातळ तापला की हात टिकत नाहीत. तुझ्या भिंतीच्या कडेचा आणि झाडाच्या बुंध्याचा फोटो टाक, अँकर किती लांबवायचा ते बघून सांगतो.