दुवा खरा, दावा खोटा
ज्या संकेतस्थळावर डॉक्टरांचे नाव आणि शोधनिबंधाचा दुवा असतो ते विश्वासार्ह मानावे, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. २०२१ मध्ये निपाणीत आमच्या काकांनी ‘आयव्हरमेक्टिनने ४८ तासांत विषाणू नष्ट’ (आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध, विषाणू कोरोनाचा) अशा मजकुराची छापील प्रत घडी घालून खिशात बाळगली होती आणि त्या भरवशावर लस टाळली होती. त्यातील शोधनिबंधाचा दुवा खरा होता. परंतु ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील २०२० चा तो प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाला होता, रुग्णांवर नव्हे, आणि त्यातील औषधाचे प्रमाण नेहमीच्या मात्रेने माणसाच्या रक्तात उतरते त्याहून कितीतरी पट अधिक होते.

आमच्या सीमाभागात सरकारी सूचना बहुधा कन्नडमध्ये लागत, त्यामुळे मराठीत जे आधी हाती पडे तेच वडीलधाऱ्यांना खरे वाटे. निबंधातील, प्रयोग पेशींवर झाल्याचे सांगणारा परिच्छेद मराठीत वाचून दाखवल्यावरच काका लस घ्यायला तयार झाले.