स्क्वॉलर : गलिच्छ, बकाल की अवकळा?

नौपाडा : ब्रिटनमधल्या समाजकल्याणाबद्दलच्या बेव्हरिजच्या १९४२च्या अहवालावरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. त्यातल्या पाच राक्षसांपैकी, म्हणजे समाजाला छळणाऱ्या पाच संकटांपैकी, अभाव, रोगराई, अज्ञान, बेकारी हे चौघे बसले, 'स्क्वॉलर' अडलाय. 'घाण' म्हटलं तर झाडू मारून भागेल असं वाटतं. संपादक 'गलिच्छपणा' सुचवतात. माझं लहानपण वागळे इस्टेटच्या चाळीत गेलं. बाहेर उघडं गटार, संडासाला रांग. आत आईची चिंचेनं घासलेली लखलखीत पितळी भांडी. कुणी 'गलिच्छ वस्ती' म्हटलं की ते आईलाच म्हटल्यासारखं लागायचं.

ऐरोली : ताई, 'बकालपणा' घ्या. त्यात माणसावर ठपका नाही, जागेची आबाळ आहे. बेव्हरिजचाही रोख वाईट घरांवरच होता.

वाशी : बकाल आपला नाही. अरबीत बक्काल म्हणजे भाजी-किराणा विकणारा. हिंदीत 'बनिया-बक्काल' म्हणतातच. कष्टकऱ्याच्या धंद्याचं नाव घाणीला का द्यायचं? सरळ 'अस्वच्छता' लिहा.

ऐरोली : काका, मग 'गलिच्छ' तरी कुठे आपला? तोही अरबी गलीजवरून आलेला. मराठीत बकाल म्हटल्यावर वाणी कुणाला आठवतो? आणि 'अस्वच्छता' म्हणजे पालिकेची पाटी.

कळवा : स्क्वॉलरच्या लॅटिन मुळात खरखरीत, मळून ताठरलेलं असा भाव आहे. मला 'अवकळा' जवळचा वाटतो. वस्तीला अवकळा येते, ती कुणी मुद्दाम आणत नाही.

वाशी : मळून ताठर म्हणजे कळकट! आजी म्हणायची, कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं. कळकट त्यातूनच आला असणार.

कळवा : मला तो काजळीचा वाटतो. चुलीवरचं पातेलं कळकट होतं. कळकलेलं ताक दिसायला पांढरंच.

ऐरोली : आणि 'पारोसा'? पर्युषित, म्हणजे कालचा, शिळा, त्यावरून आलेला. आंघोळ व्हायची असलेला माणूस पारोसा, पण घाणेरडा नव्हे. घरही केर काढेपर्यंत पारोसं. याला इंग्रजीत एक शब्द सांगा बरं.

नौपाडा : पारोसा सुरेख आहे, पण माझा लेख उद्या जायचाय. 'अवकळा' लिहून पाठवला होता. संपादक म्हणतात, अवकळा राक्षस वाटत नाही.

ऐरोली : बरोबरच आहे. अवकळा येते नि जाते. राक्षस ठाण मांडून बसतो. बकालपणाच ठेवा.

वाशी : बकाल नको, ताई. आणि कळवेकर, कळकलेल्या ताकाला हिरवट झाक येते. मी स्वतः पाहिलंय.