शब्दचर्चा: रिपॉझिटरी आणि क्लायंट

विचारणा (सांगली): पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी व्हर्जन कंट्रोलवर (फायलींतले बदल नोंदून ठेवण्याची पद्धत) मराठीत टिपणं काढतेय. रिपॉझिटरीला ‘भांडार’ लिहिलं तर मुलं हसली, किराणा भांडार वाटतं म्हणे. क्लायंटला ‘ग्राहक’ चालेल का? त्यात गिट या व्हर्जन कंट्रोलच्या प्रोग्रॅमबद्दल ‘गिट इन्स्टॉल केलं म्हणजे रिपॉझिटरी झाली’ असं अर्धा वर्ग लिहितो.

सातारा: मॅडम, आधी ती गल्लत काढा. रिपॉझिटरी म्हणजे साठा: फायली, त्यांतले बदल, ते कुणी आणि कधी केले, सगळं. क्लायंट म्हणजे त्या साठ्याशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम. टॉर्टॉइज एसव्हीएन हा असा एक क्लायंट काढून टाका, साठ्याला धक्का लागत नाही. पण गिटच्या प्रोजेक्टमधलं ‘डॉट गिट’ नावाचं लपलेलं फोल्डर उडवलंत, तर समोरच्या फायली राहतील आणि त्या मशीनवरचा इतिहास जाईल.

शब्द म्हणून मला ‘दप्तर’ पटतो. सबव्हर्जन (एसव्हीएन) या दुसऱ्या प्रणालीत तलाठ्यासारखं दप्तर एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. आपल्या हातात फक्त उतारा. नवी नोंद घालायची तर सर्व्हरपर्यंत जावंच लागतं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं, त्यात क्लोन केलं, म्हणजे नक्कल उतरवून घेतली, की जुन्या फेरफारांसकट अख्खं दप्तर घरी येतं. कमिटला (बदल नोंदवायला) नेट लागत नाही, पुशला (ते सर्व्हरवर पाठवायला) लागतं. साठा आणि तो हाताळणारा प्रोग्रॅम दोन्ही एकाच लॅपटॉपवर, मग मुलं गोंधळणारच.

सांगली, कुपवाड: दप्तर म्हटलं की पोरांना पाठीवरचं आठवणार, सर! आमच्या ऑफिसात सगळे ‘रेपो’च म्हणतात. गंमत बघा, ‘रिपॉझिटरी क्लोन केली’, पण ‘रेपो क्लोन केला’. आखूड झाली की पुल्लिंगी. आणि ‘ग्राहक’ नको. ग्राहक पैसे मोजतो, वकिलाकडे गेला तर अशील होतो. इथला क्लायंट नुसता मागतो आणि पाठवतो. क्लायंटच राहू दे.

विचारणा (सांगली): ठीक, ‘रेपो’ आणि ‘क्लायंट’. ‘दप्तर’ समजावताना एकदा वापरीन.

सातारा: चालेल. फक्त परफोर्स ही आणखी एक प्रणाली शिकवणार असाल तर तळटीप द्या. तिथं ‘क्लायंट’ म्हणजे बऱ्याचदा प्रोग्रॅम नव्हे, आपल्या मशीनवरची वर्कस्पेस, कामाच्या फायलींची जागा.

सांगली, कुपवाड: आणि साठ्याला तिथं ‘डेपो’ म्हणतात. पोरं एसटी शोधत बसतील.