मदर तेरेसांची पत्रं आणि त्यांचं मास्तरपण

मदर तेरेसांनी नष्ट करायला सांगितलेली पत्रं २००७ साली छापली हा विश्वासघातच, असं काही जण म्हणतात. ती हळहळ मला पटते. आपली पत्रं राहिली तर लोक येशूचा कमी आणि आपलाच जास्त विचार करतील, ही भीती त्यांनी स्वतः आर्चबिशपना कळवली होती. पण चर्चने संतपद देण्याआधी होणाऱ्या चौकशीत व्यक्तीचं सगळं लिखाण तपासावंच लागतं, त्यामुळे धर्मगुरूंनी जपून ठेवलेले कागद बाहेर येणारच होते. आणि ते आले हे बरंच झालं, असं मला मनापासून वाटतं. प्रार्थनेत वर्षानुवर्षं काहीच जाणवत नसताना रोज पहाटे उठून कामाला लागणारी बाई त्या पत्रांतूनच कळते.

मला मात्र त्यांच्या शिक्षकी पेशाबद्दल बोलायचंय, कारण त्याकडे फारसं कुणी बघत नाही. १९२९ साली त्या कलकत्त्याला आल्या, बंगाली शिकल्या, तिथल्याच एंटाली भागातल्या सेंट मेरीज शाळेत भूगोल-इतिहास शिकवू लागल्या आणि १९४४ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. जवळपास वीस वर्षं! १९४८ मध्ये लोरेटो हा आपला नन्सचा संघ सोडून मोतीझीलच्या वस्तीत गेल्यावर सुरुवातीलाच काय केलं, तर शाळा भरवली. ना फळा, ना खडू. काठीने जमिनीवर अक्षरं काढून पोरांना गिरवायला लावली. आणि पहिल्या ज्या मुली त्यांच्याकडे नन व्हायला आल्या, त्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या.