शब्दचर्चा: लुथरन कॅम्पस मंडळी आणि ‘बिलाँगिंग’ला मराठी शब्द

अनुवादक (मूळ प्रश्न)

एका वाक्यावर अडलोय, मदत करा. माझी भाची अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते आणि तिथल्या लुथरन कॅम्पस मंडळीत, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या विद्यार्थ्यांच्या चर्चमध्ये, जाते. आमच्या चर्चच्या त्रैमासिकासाठी त्या मंडळीवर लेख लिहितोय. तिने पाठवलेल्या परिचयपत्रकात पहिल्याच ओळीत दोन शब्द आहेत: मंडळी ‘इन्क्लूझिव्ह’ आहे आणि विद्यार्थ्यांना तिथे ‘बिलाँगिंग’ मिळतं.

पहिल्याला ‘सर्वसमावेशक’ लिहिलं आणि लगेच खोडलं. तो शब्द वाचला की अर्थसंकल्पाचं भाषण आठवतं. दुसऱ्याला ‘आपुलकी’ म्हणावं तर ती दुसऱ्याने दाखवायची गोष्ट झाली. बँकेतला कारकूनसुद्धा आपुलकीने बोलतो, म्हणून बँक आपली होत नाही. ‘आपलेपणा’ जवळचा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही.

संदर्भ देतो. दर बुधवारी संध्याकाळी तिथे जेवण असतं. शहरातल्या जुन्या मंडळीतल्या आज्या पातेलं भरून सूप किंवा राजम्याची चिली करून आणतात. दाराशी चिकटपट्ट्या ठेवलेल्या असतात, त्यांवर आपलं नाव आणि आपल्यासाठी कोणतं सर्वनाम वापरायचं ते लिहून छातीला लावायचं. जेवण झालं की छोटी उपासना. सुरुवातीला भाची कोपऱ्यात बसून जेवायची आणि निघून जायची. आता रविवारच्या प्रभुभोजनासाठी (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीसाठी) पाव भाजायची पाळी तिच्याकडे असते आणि ओव्हन कोणत्या बाजूने जास्त तापतो हेही तिला ठाऊक आहे. हा जो बदल झाला, त्याला मराठीत काय म्हणायचं?

नगरकर

आधी ‘मंडळी’ तशीच ठेवलीत ते फार बरं केलंत. हल्ली भाषांतरांत काँग्रिगेशनला ‘समुदाय’ किंवा ‘धर्मसभा’ करतात आणि पार कोरडं करून टाकतात. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो, ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून गावोगावच्या चर्चला मंडळीच म्हणतात. शब्द घरातला आहे. पाहुणेमंडळी, वऱ्हाडी मंडळी, घरची मंडळी. जुनी माणसं बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणायची.

लुथरन संदर्भात तर हा शब्द चपखल बसतो. ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं तेव्हा मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’साठी त्याने ‘किर्शं’ (चर्च) न वापरता ‘गेमाइनं’ हा शब्द घेतला. किर्शं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे इमारत आणि बिशप येत. गेमाइनं म्हणजे जमलेली माणसं. पुढे १५३० च्या ऑग्सबुर्ग विश्वासपत्राच्या, म्हणजे लुथरनांच्या मूळ श्रद्धा-जाहीरनाम्याच्या, सातव्या कलमात चर्चची व्याख्या केली, तीही माणसांच्या जमण्यावरूनच: जिथे सुवार्ता नीट सांगितली जाते आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) नीट दिले जातात तो विश्वासणाऱ्यांचा मेळा. विद्यापीठाजवळच्या भाड्याच्या घरात वीस पोरं सूप पितात आणि भाकर मोडतात, ते या व्याख्येत पूर्ण बसतं. ते चर्चच आहे, चर्चचा युवक विभाग नव्हे.

आणि हे सगळं सुरू झालं तेच विद्यापीठात. ल्यूथर विटेनबर्गला प्राध्यापक होता.

वसईची लेक

आम्हा कॅथलिकांकडे शब्द वेगळे आहेत. ख्रिस्तसभा म्हणजे सगळं मोठं चर्च, धर्मग्राम म्हणजे पॅरिश, मिस्सा म्हणजे उपासना. तुमच्या लेखात ‘मंडळी’च योग्य, फक्त कॅथलिक वाचकांसाठी एकदा उलगडून सांगा.

बिलाँगिंगबद्दल. ‘सामावून घेणे’ हा शब्द कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते, तो टाळा. सामावून घेणाऱ्याचं घर आधीच भरलेलं असतं आणि तो उपकार केल्यासारखा सरकून जागा देतो. लग्न होऊन दुसऱ्या घरी आलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ‘सासरच्यांनी मला सामावून घेतलं’ आणि ‘हे माझं घर आहे’ यांत किती वर्षांचं अंतर असतं!

शब्दवेडा

मग ‘हक्काचं’ का नको? हक्काचं घर, हक्काचं माणूस, हक्काची जागा. हक्काच्या ठिकाणी न विचारता जाता येतं, रुसता येतं, भांडता येतं, मध्यरात्री दार वाजवता येतं. ‘हक्क’ हा शब्द कोर्टात रुक्ष आहे, पण त्याला ‘चं’ लागला की तोच शब्द मायेचा होतो. भाचीला तिथे हक्काचं ठिकाण मिळालं. मला तरी यापुढे शोधायची गरज वाटत नाही.

मॅडिसनवासी

‘हक्काचं’ला माझा पूर्ण पाठिंबा. इथे अमेरिकेत राहून पाहिलंय म्हणून ‘इन्क्लूझिव्ह’बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे भाषांतर चुकलं तर वाचकाचा गैरसमज होईल.

‘लुथरन’ म्हटलं की आपोआप इन्क्लूझिव्ह, असं नाही. अमेरिकेतल्या लुथरनांचे अनेक गट आहेत. त्यांतला मिझुरी सिनड नावाचा गट स्त्रियांना पाळकपदाची (पास्टर होण्याची) दीक्षा देत नाही. भाचीची मंडळी बहुधा इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीएची असणार. हे चर्च तीन लुथरन संघटना एकत्र येऊन १९८८ मध्ये उभं राहिलं. त्याच्या २००९ च्या मिनियापोलिस अधिवेशनाने आयुष्यभराच्या निष्ठेने एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांतल्या व्यक्तींना पाळक होण्याचा रस्ता मोकळा केला. त्या वेळी लैंगिकतेवरचं जे सामाजिक निवेदन मंजूर झालं त्याला ६७६ विरुद्ध ३३८ मतं पडली, म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. लागणार होती तेवढीच. शिवाय वेगळं मत असणाऱ्यांच्या सदसद्विवेकाचाही मान राखायचा, असं ठरलं. त्यामुळे आजही एका गावातली मंडळी एक म्हणते आणि शेजारच्या गावातली दुसरं.

म्हणून ‘सर्वांचे स्वागत आहे’ ही पाटी इथे पुरत नाही. ती पाटी वाचून आत गेलेल्या आणि नंतर ‘सर्वांमध्ये तू नाहीस’ असं ऐकून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलामुलींना मी ओळखते. लुथरनांमध्ये रेकन्सायलिंगवर्क्स नावाची संस्था आहे, ती १९७४ मध्ये मिनियापोलिसमध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. तिच्या कार्यक्रमात येऊ इच्छिणाऱ्या मंडळीला स्वतःचं स्वागतपत्र लिहून संमत करावं लागतं आणि त्यात कुणाचं स्वागत ते नाव घेऊन सांगावं लागतं: समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, सगळे. भाचीच्या पत्रकातला ‘इन्क्लूझिव्ह’ हे असं नाव घेऊन दिलेलं वचन असणार. त्याचं एका शब्दात भाषांतर करूच नका. पूर्ण वाक्य लिहा आणि नावं लिहा.

शब्दवेडा

नकारार्थी चालणार असेल तर मराठीत एक जबरदस्त शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप जास्त, दुसऱ्याला कमी. एकाला मानाचा पाट, दुसऱ्याला दाराशी. आपल्याकडे माणसाला बाहेर ठेवण्याची पहिली जागा पंगतच होती. जी मंडळी जेवणाभोवती उभी आहे तिच्याबद्दल ‘इथे पंक्तिप्रपंच नाही’ म्हटलं तर मराठी वाचकाला एका ओळीत सगळं कळेल.

नगरकर

वा! आणि याला आपल्याकडचा इतिहासही आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. पाहा, तिथेही नाव मंडळीच. दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठीचे व्याकरणकार, तिचे एक प्रमुख. आत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जात मोडल्याची खूण ती. पण सगळं गुप्त होतं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. उघडपणे नाव घेऊन पंगत मांडायला काय धैर्य लागतं, ते यावरून समजतं. मॅडिसनवासींचा मुद्दा मला म्हणूनच पटला.

दुसरं उदाहरण मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात येऊ शकत. दोन वर्षांत ते गेले आणि काम तिथेच थांबलं. आमच्या मंडळ्यांनी तो धागा पुन्हा उचलला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अनुवादक

टिळकांचा संदर्भ थेट लागू पडतो. भाचीबरोबर तिची खोलीसोबतीण जाते, पुण्याच्या हिंदू घरातली. बुधवारी जेवते, गाण्यांना बसते, भांडी घासते. बाप्तिस्म्याचं तिला कुणी विचारलेलं नाही. ती मंडळीची कोण? ‘पाहुणी’ लिहिलं तर भाची चिडेल.

मॅडिसनवासी

‘मंडळीतली’ लिहा, ‘सभासद’ नको. सभासदत्व नोंदवहीत असतं. ‘आमच्यातली’ म्हटलं तर धर्म बदलल्यासारखं वाटेल. ‘मंडळीतली’ दोन्ही टाळतं.

जर्मनीहून एक शिकणारा

इथली एक गोष्ट जोडतो. जर्मनीत विद्यापीठांच्या गावांत प्रोटेस्टंट विद्यार्थी मंडळ्या असतात, संक्षेपाने ईएसजी. त्यात लुथरनांबरोबर रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट परंपरेचेही लोक असतात. पूर्वी ‘एस’चा अर्थ ‘श्टुडेंटन’ (विद्यार्थी) होता, तो व्याकरणाने पुल्लिंगी. आता ‘श्टुडीरेंडं’ करतात, म्हणजे शब्दशः ‘शिकत असलेले’. मराठीत ‘विद्यार्थी आणि विद्यार्थिनी’ लिहूनही काही जण बाहेर राहतात, ‘शिकणारे’मध्ये सगळे येतात. आणि हे नुसतं नाव बदलणं नाही. परदेशातून आलेल्या मुलाचे पैसे संपले की त्याचा धर्म न विचारता मदत करणारा निधी या मंडळ्या चालवतात.

पारलिंगी वाचक

इथवर वाचलं आणि राहवलं नाही. सर्वनामांच्या चिकटपट्ट्यांचा उल्लेख आला म्हणून सांगायचं आहे. इंग्रजीत प्रार्थना करताना ‘मी आलो’ की ‘मी आले’ हा प्रश्नच येत नाही. मराठीत पहिल्याच क्रियापदाशी माझी अडचण होते. लहानपणी संडे स्कूलमध्ये मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली की मी गप्प राहायचं, आणि बाई समजायच्या की पाठ झालेलं नाही. आता मी ‘मला यावंसं वाटलं’, ‘माझं येणं झालं’ अशी वाक्यं करून बोलते किंवा बोलतो, जे त्या दिवशी खरं असेल ते. अनुवादकांना विनंती, भाचीच्या मंडळीतल्या अशा कुणाचं बोलणं लेखात घेणार असाल तर क्रियापद त्या व्यक्तीला विचारून लिहा.

अनुवादक

नक्की विचारेन. हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझ्या लेखात चिकटपट्ट्यांना अर्धी ओळ होती, आता त्यांना पूर्ण परिच्छेद देणार आहे.

आणखी एक. भाची म्हणते की भाकर हातावर ठेवताना पाळक प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहून म्हणतात, ‘ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं.’ की ‘तुमच्यासाठी’?

नगरकर

ल्यूथरने १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत, या ‘तुमच्यासाठी’वरच सगळा भर दिला आहे. मूळ जर्मन अनेकवचनी आहे. मराठी उपासनेतही ‘तुमच्यासाठी’ रूढ आहे, आणि त्यात आदर येतो तो वेगळाच. पण एकेकाच्या हातावर ठेवताना, विशीतल्या मुलीला, ‘तुझ्यासाठी’ म्हणणंच मला खरं वाटतं. तिथे आदरापेक्षा तिला नेमकं वेचून सांगणं महत्त्वाचं.

वसईची लेक

‘तुझ्यासाठी’. देवाशी आपण ‘तू’नेच बोलतो, त्यानेही तसंच बोलावं.

अनुवादक

ठरलं. पहिली ओळ अशी करतो: ‘समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, विश्वासणारे, शंका घेणारे, या मंडळीत कुणाशी पंक्तिप्रपंच होत नाही, आणि घरापासून दूर शिकणाऱ्यांना इथे हक्काचं ठिकाण मिळतं.’ शेवटची अडचण: त्या मंडळीच्या पाळक स्त्री आहेत. ‘पाळकीणबाई’ लिहू का?

नगरकर

मुळीच नको. आमच्याकडे पाळकीणबाई म्हणजे पाळकाची बायको. उत्तर अमेरिकेत लुथरन पाळकपदाची दीक्षा मिळालेल्या पहिल्या स्त्री एलिझाबेथ प्लॅट्झ. २२ नोव्हेंबर १९७० रोजी मेरिलंड विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये त्यांना दीक्षा मिळाली आणि पुढे २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच कॅम्पसवर विद्यार्थ्यांच्या पाळक म्हणून त्यांनी काम केलं. ‘डॉक्टर आल्या’ म्हणतो तसं ‘पाळक आल्या’ लिहा. संपादकांनी ‘बाई’ जोडलं तर छापायच्या आधी काढून घ्या.